दोन पाडव्यांचा हिशेब

मी इंग्रजीतून मराठीत अनुवाद करते, मराठी मजकुराचं संपादन करते आणि दिवाळी अंकांच्या हंगामात मुद्रितं तपासते. पुण्यातल्या एका प्रकाशनसंस्थेतली नोकरी सोडून स्वतंत्रपणे काम करायला लागले, त्याला आता वीस वर्षं होत आली. या व्यवसायात नव्याने आलेली मुलंमुली भेटली की दर काय घ्यावा हे विचारतात, पण त्याहून जास्त वेळा दुसरं काहीतरी विचारतात. नोकरी नाही, साहेब नाही, बढती नाही. मग वर्षाचं उद्दिष्ट ठरवायचं कशावर?

प्रश्न खरा आहे. नोकरीत वर्ष संपताना कुणीतरी समोर बसवून काय झालं आणि पुढे काय व्हायला हवं ते सांगतं. ते पटो न पटो, एक माप मिळतं. आमच्याकडे काम देणारा त्याच्या कामापुरतंच बोलतो. फाइल पोचली, ‘छान झालंय’ असा निरोप आला, की पुढच्या फाइलपर्यंत बोलणं थांबतं. वर्षभरात आपली वाढ झाली, की आपण त्याच जागी राबत राहिलो, हे सांगायला बाहेरचं कुणी नसतं. ते आपलं आपल्यालाच पाहावं लागतं.

पहिली काही वर्षं मी पैशांचं उद्दिष्ट ठेवत असे. सोडलेल्या नोकरीचा वर्षाचा पगार धरायचा, त्यात थोडी भर घालायची आणि जानेवारीत डायरीच्या पहिल्या पानावर तो आकडा लिहायचा. बाराने भागलं की महिन्याचा आकडा तयार. यात बारा महिने सारखे असतात असं गृहीत धरलेलं असतं, आणि शब्दांच्या धंद्यात ते मुळीच सारखे नसतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये सामाजिक संस्थांचे अहवाल आणि कंपन्यांच्या माहितीपुस्तिका एकदम अंगावर येतात, कारण मंजूर झालेला पैसा ३१ मार्चच्या आत खर्ची पडायला हवा असतो. एप्रिल-मे सुस्त जातात. जुलैपासून दिवाळी अंकांचे लेख येऊ लागतात, ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये पानं लागतात, आणि अंक छपाईला जाईपर्यंत घरात जेवणाच्या वेळा राहत नाहीत. का. र. मित्रांनी ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला तो १९०९ साली. तेव्हापासून मराठीत लिहिणाऱ्या-छापणाऱ्यांचं वर्ष दिवाळीशी बांधलं गेलं आहे. अंक बाजारात आले की दोन-तीन आठवडे शुकशुकाट असतो. पुढे डिसेंबरचा शेवटचा आठवडा परदेशी अनुवाद एजन्सींच्या सुट्टीत जातो. अशा वर्षाला बाराने भागून काढलेला आकडा मे महिन्यात माणसाला उगाच अपराधी करतो आणि सप्टेंबरमध्ये उगाच सुखावतो.

ही पद्धत बदलली ती एका ज्येष्ठ मुद्रितशोधकांमुळे. आम्ही सगळे त्यांना काका म्हणायचो. खिळ्यांच्या छपाईच्या काळात त्यांनी कामाला सुरुवात केली होती आणि संगणकावरची पानंही ते कागदावर छापून घेऊनच वाचत. हंगामात ते ठरावीक अंकांपलीकडे एकही अंक घेत नसत. एकदा माझ्यासमोर एका संपादकांनी त्यांना जवळजवळ दुप्पट पैसे देऊ केले. काका म्हणाले, “साहेब, पैशांचं नाही. मी प्रत्येक पान तीनदा वाचतो. तुमचा अंक घेतला तर सगळ्यांचीच पानं दोनदा वाचून होतील.” संपादक गेल्यावर त्यांनी मला कारण नीट समजावून सांगितलं. दिवाळीच्या पाडव्याला, दुकानदार नव्या वह्या उघडतात त्या दिवशी, ते पुढच्या वर्षाची यादी करत. आधी कुणाचं काम घ्यायचं नाही ती नावं, त्याखाली ज्यांचं घ्यायचं ती. “घ्यायचं काय ते आपोआप येतं,” ते म्हणायचे, “सोडायचं काय ते आपल्याला आधी माहीत पाहिजे. ऐन सप्टेंबरात विचार करायला डोकं जागेवर नसतं.”

त्या वर्षीपासून माझं वर्ष दिवाळीच्या पाडव्याला सुरू होतं. कामं हातावेगळी झालेली असतात, काही पैसे आलेले असतात, डोक्यात गर्दी नसते आणि सरलेल्या हंगामात कुणी कसं वागवलं ते ताजं असतं. त्या दिवशी वर्षाची उद्दिष्टं एका पानावर लिहिते आणि गुढीपाडव्याच्या सुमाराला तेच पान पुन्हा काढते. तेव्हा आर्थिक वर्षही बदलत असतं, त्यामुळे जमाखर्च समोर असतो. एका पाडव्याला ठरवायचं आणि दुसऱ्या पाडव्याला तपासायचं, असं वर्षाचं रूप ठरून गेलं.

आता त्या पानावर काय लिहावं, याकडे वळते. माझ्या अनुभवात एका प्रसंगाने हे सगळ्यात स्पष्ट केलं.

एक काळ असा होता की माझी निम्म्याहून बरीच जास्त कमाई एकाच एजन्सीकडून येत होती. मोबाइल फोनच्या माहितीपुस्तिका, ॲपमधल्या सूचना, ग्राहकसेवेचे मजकूर असं काम होतं. रोज फाइल, महिन्याला एक बिल, पैसेही वेळेवर. पैशांच्या उद्दिष्टाने पाहिलं तर ती माझी सगळ्यात यशस्वी वर्षं होती. या कामात जुने अनुवाद साठवणारी सॉफ्टवेअरं वापरतात. आधी अनुवादित झालेलं वाक्य जसंच्या तसं परत आलं तर त्याचे पैसे नगण्य मिळतात, थोडंफार जुळलं तर कमी, आणि संपूर्ण नवीन वाक्याला पूर्ण दर. हे गणित मला मान्य होतं. मग २०१७मध्ये गूगलचं यांत्रिक भाषांतर मराठीसाठी नव्या, न्यूरल पद्धतीवर गेलं आणि पाहता पाहता यंत्राची वाक्यं पूर्वीपेक्षा सुसंबद्ध दिसू लागली. थोड्याच काळात एजन्सीचा मेल आला: यापुढे मजकूर यंत्राकडून अनुवादित होऊन येईल, तुम्ही फक्त सुधारायचा, दर निम्म्याच्या आसपास. सगळ्यांना तोच मेल होता. कुणाशी भांडण नव्हतं, कुणाचा राग नव्हता. माझ्या वर्षाचा निम्म्याहून मोठा भाग मी कधीही न पाहिलेल्या एका टेबलावर ठरला होता.

मी तो मजकूर सुधारण्याचं काम काही महिने करून पाहिलं आणि घड्याळ लावून नोंदी ठेवल्या. सोप्या सूचनांमध्ये खरोखर वेळ वाचत होता. गुंतागुंतीच्या मजकुरात मात्र यंत्राचं वाक्य आधी समजून घ्या, मग मूळ वाचा, मग मोडून पुन्हा रचा, यात स्वतः अनुवाद करण्याइतकाच वेळ जायचा, आणि पैसे निम्मे. शिवाय दिवसभर दुसऱ्याची आखूड, एकसुरी वाक्यं दुरुस्त केल्यावर संध्याकाळी स्वतःचं वाक्य लिहायला बसलं की तेही तसंच यायला लागायचं. हा तोटा कुठल्याच बिलात दिसत नाही, आणि तो मला दरापेक्षा मोठा वाटला.

पुढच्या दिवाळी पाडव्याला पानावर पहिली ओळ आली: कुठल्याही एका देणाऱ्याकडून वर्षाच्या कमाईच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त घ्यायचं नाही. हे उद्दिष्ट पाळणं अवघड होतं, कारण ते पाळण्यासाठी हातातलं, ओळखीचं, वेळेवर पैसे देणारं काम नाकारायचं होतं, आणि त्या जागी दुसरं काही आलेलं नव्हतं. त्या वर्षी माझी कमाई खाली आली. घरात नवऱ्याने एकदाच विचारलं, “नक्की ना?” आणि मी हो म्हटलं. नंतरच्या वर्षी ती पूर्वीच्या जागी आली, पण यावेळी पाच-सहा ठिकाणांहून. मागे वळून पाहताना मला वाटतं, माझ्या स्वतंत्र कामाला खरी सुरुवात त्या वर्षी झाली. त्याआधी मी बिनपगारी रजेवर जाऊ शकणारी नोकरदार होते, इतकंच.

त्या घड्याळाच्या नोंदी मी पुढेही चालू ठेवल्या. आपल्याकडे शब्दाला किती, पानाला किती अशी भाषा आहे आणि दर वाढवून घेणं हेच पुष्कळांचं वर्षाचं उद्दिष्ट असतं. तासाला काय पडतं हे पाहिलं की चित्र बदलतं. वर्षाची कामं मी तासांप्रमाणे मांडली, तेव्हा ज्या कामाचा शब्दाचा दर सगळ्यात चांगला होता ते तासाच्या हिशेबात मधेच कुठेतरी आलं, कारण त्यात फोन, शंका, दुसरी आवृत्ती, तिसरी आवृत्ती असा पसारा होता. पुस्तकाचा अनुवाद सगळ्यात तळाला. दिवाळी अंकांची मुद्रितं त्याच्या जरा वर. आणि बिलात कधीच न धरलेले तास किती असतात, तेही दिसलं: चौकशीच्या मेलना उत्तरं, नमुना अनुवाद, बिलं, पैशांसाठीचे फोन, बँक. महिन्यात वीस-बावीस दिवस मी कामाला बसत असले, तरी ज्याचे पैसे मागता येतात असं काम त्यातल्या बारा-तेरा दिवसांचंच भरत होतं. दर ठरवताना भागाकार या बारा-तेरा दिवसांनी करायचा असतो. नव्याने येणाऱ्या प्रत्येकाला मी एवढं तरी आवर्जून सांगते, कारण पहिल्या दोन-तीन वर्षांत दमून नोकरीकडे परत जाणारी माणसं बहुतेक वेळा या भागाकारातच अडकलेली मी पाहिली आहेत.

पैशांचा आकडा पानावर आजही असतो, पण तो खालचा असतो. वर्षाला निदान इतके हवेतच, असा. घरखर्च, आरोग्यविमा, पीपीएफ, कर, दोन आठवड्यांची सुट्टी आणि जुना संगणक बदलायचा झाला तर त्याची सोय, एवढं त्यात धरते. आमच्यासाठी भविष्यनिर्वाह निधी कापून ठेवणारं कुणी नाही, आजारी पडलं तर भरपगारी रजा नाही. त्यामुळे आलेल्या प्रत्येक रकमेतून कराचा भाग त्याच दिवशी वेगळ्या खात्यात जातो, शेतकरी बियाण्याचं धान्य बाजूला काढून ठेवतो तसा. आगाऊ कराचे हप्ते १५ जून, १५ सप्टेंबर, १५ डिसेंबर आणि १५ मार्चला येतात. त्यातला सप्टेंबरचा हप्ता ऐन अंकांच्या धांदलीत येतो आणि तोवर वर्षाच्या अंदाजे कराचा ४५ टक्के भरलेला असावा लागतो, म्हणून तो ऑगस्टमध्येच भरून टाकते. वरच्या आकड्याला मर्यादा घातलेली नाही, पण त्याचा पाठलागही करत नाही.

शिकण्याचं उद्दिष्ट मी एका वर्षाला एकच ठेवते. माझ्या कामाला त्यातून सगळ्यात मोठं वळण मिळालं ते औषधचाचण्यांच्या संमतीपत्रांनी. नवीन औषधाची चाचणी माणसांवर होते तेव्हा सहभागी होणाऱ्याला ती काय आहे, धोके कोणते, मधेच बाहेर पडता येतं का, इजा झाली तर भरपाईचं काय, हे त्याला समजेल अशा भाषेत सांगून लेखी संमती घ्यावी लागते. महाराष्ट्रात होणाऱ्या चाचण्यांसाठी ही पत्रकं मराठीत लागतात. इथली कामाची पद्धत मला आवडली. एकजण मराठी करतो. दुसरा, ज्याने मूळ इंग्रजी पाहिलेलं नाही असा अनुवादक, ते मराठी परत इंग्रजीत नेतो. मग दोन्ही इंग्रजी मजकूर शेजारी ठेवून तपासतात. पुढे रुग्णालयाची नीतिमत्ता समितीही ते पाहते. शब्दाला एवढ्या गांभीर्याने घेणारं दुसरं काम माझ्या पाहण्यात नव्हतं.

त्या पाडव्याला मी एवढंच लिहिलं: वर्षभरात या कामासाठी लायक व्हायचं. त्यातून कमाईची अपेक्षा ठेवली नाही. शालेय जीवशास्त्राची पुस्तकं मराठीतून पुन्हा वाचली. जुन्या पत्रकांवरून स्वतःची शब्दसूची केली. या क्षेत्रातल्या एका अनुभवी अनुवादिकेकडून माझे नमुने पैसे देऊन तपासून घेतले. नात्यातल्या एका डॉक्टरांना मी मराठी मजकूर मोठ्याने वाचून दाखवायचे आणि ते, “थांब, इथे रुग्ण घाबरेल,” किंवा “इथे त्याला काहीच कळणार नाही,” असं सांगायचे. सुरुवातीला मराठीतून इंग्रजीत परत नेण्याचीच कामं घेतली, कारण त्यात दुसऱ्यांचं मराठी कुठे अडखळतं ते दिसत होतं. मूळ अनुवादाची कामं पुढच्या वर्षी आली.

या कामाने मला वाचक दिला. फोनची माहितीपुस्तिका कुणी वाचत असेल की नाही, मला कधी कळलं नाही. संमतीपत्र वाचणारा माणूस रुग्णालयाच्या बाकावर बसलेला असतो, सोबत घरचं कुणीतरी असतं, आणि खाली सही करायची असते. वाचता येत नसेल तर निःपक्ष साक्षीदारासमोर ते वाचून दाखवतात आणि अंगठा घेतात. माझं वाक्य लांबलं तर त्याची फळं त्या माणसाने भोगायची. एकदा एका रुग्णालयातल्या समन्वयक बाई म्हणाल्या, “हल्ली नातेवाईक स्वतः वाचून प्रश्न विचारतात. आमचा वेळ जास्त जातो, पण बरं वाटतं.” ते ऐकल्यावर त्या वर्षाच्या उद्दिष्टाचा हिशेब माझ्यापुरता पूर्ण झाला. पैशांच्या दृष्टीनेही तासाच्या हिशेबात हे काम आज सगळ्यात वर आहे, पण ते उद्दिष्टात लिहिलेलं नव्हतं.

एका वर्षी पानावर होतं: लेखी नसेल तर काम नाही. त्यामागची गोष्ट अशी. मी अनुवाद केलेल्या एका पुस्तकाची नवी आवृत्ती निघाली हे मला अप्पा बळवंत चौकातल्या दुकानात कळलं. पहिल्या वेळी एकरकमी मानधन मिळालं होतं, एका पानाचा करार होता आणि त्यात मुदतीचा उल्लेखच नव्हता. प्रकाशकांचं म्हणणं होतं की हक्क कायमचे त्यांचे. वकील असलेल्या मैत्रिणीने मला १९५७चा कॉपीराइट कायदा उघडून दाखवला. मूळ लेखकाच्या परवानगीने केलेल्या अनुवादावर अनुवादकाचा स्वतःचा हक्क असतो. हक्क दुसऱ्याला दिल्याच्या करारात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते, आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर भारतापुरताच. हे कलम १९मध्ये स्वच्छ लिहिलेलं आहे. पाच वर्षं केव्हाच उलटून गेली होती. मी शांतपणे पत्र लिहिलं, कलम दिलं, सोबत कराराची प्रत जोडली. नव्या आवृत्तीचं मानधन आलं आणि पुढचा करार मुदतीसह झाला. आमचे संबंधही टिकले. मराठी पुस्तकव्यवहारात ओळखीवर, तोंडी शब्दावर पुष्कळ चालतं आणि त्यातला स्नेह खरा असतो. पण कागद झाल्याने स्नेह कमी होतो असं मी एकदाही पाहिलं नाही. माणसं बदलतात, संपादक निवृत्त होतात, पुढची पिढी कारभार हाती घेते, आणि तोंडी ठरलेलं माहीत असलेलं कुणी उरत नाही.

२०२० साल मात्र कुठल्याच पानात बसलं नाही. मार्चमध्ये टाळेबंदी लागली, त्या वर्षी गुढीपाडवाही टाळेबंदीतच आला. पुस्तकांची कामं थांबली. दिवाळी अंकांचे काही संपादक यंदा काढू की नको या विचारात राहिले, काहींनी पानं कमी केली, काही अंक फक्त संगणकावर वाचायला निघाले. मी पानावरच्या सगळ्या ओळी खोडल्या आणि एकच ठेवली: कुणाचंही काम अर्धवट सोडायचं नाही, आणि ज्यांच्याकडे पैसे नाहीत त्यांच्याकडे घाई करायची नाही. त्या काळात ज्यांना सांभाळून घेतलं त्यातल्या बहुतेकांनी नंतर आधी माझे पैसे दिले. औषधचाचण्यांचं काम तेव्हा चालू राहिलं म्हणून हे परवडलं, तेही सांगायला हवं. कमाई पाच-सहा ठिकाणांहून येत होती, त्यामुळे सगळी दारं एकदम बंद झाली नाहीत.

मधे एक तरुण मुलगा घरी आला होता. आयटीतली नोकरी सोडून मराठी डबिंगसाठी संवाद लिहायचं ठरवलेलं. छान लिहितो. त्याने वर्षाच्या उद्दिष्टांची यादी आणली होती. महिन्याचं उत्पन्न, अमुक इतके नवीन ग्राहक, स्वतःचं चॅनेल, दोन अभ्यासक्रम, रोज व्यायाम, एक कादंबरी. मी त्याला विचारलं, “यातलं तुझ्या हातात काय काय आहे?” तो यादीकडे बघत बसला. ग्राहक किती मिळतील हे त्याच्या हातात नव्हतं, किती जणांना स्वतःहून नमुना पाठवायचा हे होतं. उत्पन्न हातात नव्हतं, किती दराच्या खाली जायचं नाही हे होतं. तासाभराने यादीत तीन ओळी उरल्या. जाताना तो म्हणाला, “ताई, हे फारच कमी वाटतंय.” मी म्हटलं, कमी आहे म्हणूनच पुढच्या दिवाळीपर्यंत तुझ्या लक्षात राहील. कादंबरी मी त्याला खोडू दिली नाही. पैसे न देणारं, कुणीही न मागितलेलं एक काम प्रत्येकाच्या पानावर असावं असं माझं ठाम मत आहे. माझ्या पानावर बरीच वर्षं एका परदेशी कादंबरीचा अनुवाद होता. सकाळी घरातले उठायच्या आधीचा तास फक्त त्याचा. तो पूर्ण झाला, छापून आला. तासाच्या हिशेबात तो माझ्या सगळ्या कामांच्या तळाशी आहे आणि माझ्या वर्षांचा अर्थ विचाराल तर सगळ्यात वर.

एक गोष्ट मात्र आमच्या पानावर कितीही नीट लिहिली तरी आमच्या हातात येत नाही, ती म्हणजे केलेल्या कामाचे पैसे कधी मिळतील. मी थकबाकीची वेगळी वही ठेवते. दर तिमाहीला आयकर खात्याचं २६एएस हे विवरण उघडून कापलेला टीडीएस खरोखर भरला गेला आहे का ते पाहते, कारण एका ठिकाणी तो वर्षभर कापला गेला आणि सरकारकडे पोचलाच नव्हता. उद्यम नोंदणी करून घेतली आहे. ती विनाशुल्क होते, घरबसल्या होते, आणि ज्यांनी केलेली नसेल त्यांनी या आठवड्यात करावी. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायदा २००६चा आहे. त्यानुसार आमच्यासारख्या नोंदणीकृत सूक्ष्म व्यवसायाचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि नसेल तर १५ दिवसांत द्यायचे असतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, महिन्याला चक्रवाढ, व्याज लागतं. २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून तर अशी मुदत उलटली की तो खर्च देणाऱ्याला प्रत्यक्ष पैसे देईल त्या वर्षीच आयकरात वजा करता येतो. व्याज मी आजवर कुणाकडे मागितलेलं नाही. बिलाच्या तळाशी नोंदणी क्रमांक आणि देय तारीख लिहायला लागल्यापासून पैसे लवकर येतात, एवढा अनुभव आहे.

म्हणून शेवटी प्रकाशक, संपादक, एजन्सी आणि संस्था चालवणाऱ्यांना माझी विनंती आहे. तुम्ही काम पाठवता त्या पहिल्याच मेलमध्ये रक्कम, पैसे देण्याची तारीख आणि हक्कांची मुदत लिहा. तुमच्या दृष्टीने त्या दोन ओळी आहेत. पलीकडे कुणीतरी त्यांच्या आधारावर आपलं अख्खं वर्ष आखत असतं.